रत्नीचे मंगळवार

माझ्या धाकट्या बहिणीच्या पाया पडून तिला प्रश्न विचारणाऱ्या बायकांपैकी दोघी अजून आमच्या शुक्रवार पेठेत हयात आहेत. एकीचे दात गेलेत, दुसरीला कमी दिसतं. वाटेत मी दिसले की दोघी हात जोडतात आणि "बरी हायस का शैला?" म्हणून विचारतात. मी उत्तर देत नाही. लोक म्हणतात, वय झालं तसा शैलाबाईंना राग फार यायला लागला. वयाचा आणि या रागाचा काही संबंध नाही. तो मला अठराव्या वर्षी आला, पन्नाशी उलटली तरी उतरला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही. लहानपणाबद्दल लिहायला घेतलं तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, चांगलं चांगलं लिही." चांगलं पुष्कळ होतं, तेही लिहिलं आहे. पण हे प्रकरण रत्नीचं आहे आणि ते रागानंच लिहिलं जाणार.

आमचं घर म्हणजे पुढे दुकान आणि मागे चूल. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, एवढाच आमचा माल. पहाटेपासून मागच्या पडवीत तवे चढलेले असायचे आणि भाकरी थापणाऱ्या बायकांच्या तळव्यांची थपथप भिंतीतून दुकानापर्यंत ऐकू यायची. त्यात मधूनच अव्वाच्या उखळातला ठोका. अव्वा म्हणजे आमची आई. ती अक्कलकोटच्या बाजूची, माहेरी कानडी बोलणारी, म्हणून आम्ही तिला अव्वा आणि वडिलांना अप्पा म्हणायचो. भाजलेले दाणे, लसूण, जिरं, मीठ आणि लाल तिखट उखळात घालून ती उभ्यानं कुटायची, आणि दाण्याला तेल सुटेपर्यंत थांबायची नाही. आमच्या कपड्यांना, वह्यांना, केसांना लसणाचा वास असायचा. शाळेत पोरी त्यावरून चिडवायच्या आणि मधल्या सुट्टीत माझ्याच डब्यातली चटणी मागायच्या. अव्वा मुळातच कमी बोलायची. मराठी तिला चांगलं येत होतं, पण नणंदेसमोर ते तोंडातून बाहेर पडायचं नाही.

ती नणंद म्हणजे आमची थोरली आत्या. अप्पांची आई लवकर गेली, आत्यानं त्यांना अंगाखांद्यावर वाढवलं. पुढे नवरा वारल्यावर ती करमाळ्याहून आमच्याकडे राहायला आली ती घराची मालकीण होऊनच. तिनं बरोबर देवीचा टाक आणला, तो आमच्या देव्हाऱ्यात मधोमध बसवला आणि आमचे देव बाजूला सरकवले. अप्पा गिऱ्हाइकाशी हमरीतुमरीवर यायचे, पण आत्या दिसली की त्यांची मान आपोआप खाली जायची. मला त्या मानेचा आजही राग येतो. ते वाईट नव्हते. आत्यासुद्धा वाईट नव्हती, आमच्यासाठी ती जीव टाकायची, हे लिहिलं नाही तर मी खोटारडी ठरेन. पण घरात एक माणूस चुकीचं बोलतं आहे, दुसऱ्याला ते कळतं आहे आणि तरी तो तराजूची वजनं पुसत बसतो, त्याला मी भित्रेपणाच म्हणते, मग तो स्वतःचा बाप का असेना.

मी अकरा वर्षांची असताना मला गोवर निघाला. त्याच्या काही दिवस आधीची एक गोष्ट सांगायला हवी. दवाखान्याची नर्सबाई खांद्याला बर्फाचा डबा लावून गल्लीत आली होती. नऊ महिने पुरे झालेल्या बाळांना गोवराची लस द्यायची, असं तिनं दारात उभं राहून सांगितलं. रत्नीला नऊ महिने होऊन गेले होते. अव्वा तिला कडेवर घेऊन पुढे झालीसुद्धा. तेवढ्यात आत्या आडवी आली. गोवर म्हणजे तिच्या लेखी देवी, आई. "आमच्यात सुई टोचून घेत न्हाईत," ती म्हणाली. "आईला यायचं आसंल तर यिल. तिला दारात आडवायचं न्हाय. आडवली की ती कोपती, मग दुसऱ्या वाटंनं आत शिरती." नर्सबाईनं समजावलं, पुन्हा समजावलं. अप्पा दुकानात होते, त्यांना सगळं ऐकू येत होतं. शेवटी "तुमचं बाळ, तुम्ही बघा" म्हणून ती पुढच्या घरी गेली. त्या घरच्या पोरानं तिच्याकडून लस घेतली. तो आज रिक्षा चालवतो, पोट सुटलंय, गुटखा खातो, आणि मला पाहिलं की "मावशी, सोडू का कुटं?" म्हणून थांबतो. त्याच्यावर राग काढण्यात काही अर्थ नाही, तरी मी चालतच जाते.

माझ्या अंगावर पुरळ उठलं तशी आत्यानं मला पुढच्या खोलीत कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं, उशाशी दहीभाताचा नैवेद्य ठेवला, आणि रत्नीला आणून माझ्या कुशीत घातलं. आमच्याकडे तशी रीतच होती. देवी घरात आलीच आहे तर एकाच फेरीत सगळ्या लेकरांना भेटून जाऊ दे, पुन्हा तिला हेलपाटा नको. शेजारणी आपापली पोरं आणून माझ्या पायाशी बसवायच्या आणि ती पोरं माझ्याकडे टकामका बघायची. रत्नीला ताप भरला, डोळे चिकटले, आठवडाभर ती माझ्या छातीशी कण्हत पडून होती. औषध नाही, डॉक्टर नाही. मग दोघी बऱ्या झालो. आत्यानं गल्लीत गूळखोबरं वाटलं आणि "आई आली, हासत आली आन् हासत गेली" असं सांगत फिरली. माझा गोवर रत्नीला गेला, तर त्याचं मनाला लावून घेऊ नकोस, असं पुढे काही भल्या माणसांनी मला हळू आवाजात समजावलं. मला त्यांचाही संताप आला. मी ते कधी मनाला लावून घेतलंच नव्हतं. मी तापात पडलेली पोरगी होते. बाळाला उचलून माझ्या कुशीत कुणी आणून ठेवलं हे मला पक्कं माहीत आहे.

रत्नी मोठी झाली ती दुकानाच्या फळीवर बसून. असली तोंडाळ पोर आमच्या दोन्ही घराण्यांत झाली नसेल. अव्वाशी कानडी, आमच्याशी मराठी, शेजारच्या विणकरांच्या पोरांशी तेलुगू, आणि भांडायचं असलं की तिन्ही एकदम. चटणीच्या पुड्या बांधताना ती बोट चाटायची, आणि अप्पांनी पकडलं की "चव बघितली, आज मीठ कमी हाय" असं वर तोंड करून सांगायची. कडक भाकरीला दोन भोकं पाडून ती तोंडासमोर धरायची आणि जपाला बसलेल्या आत्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहायची. आत्या डोळे उघडून दचकायची, शिव्या द्यायची आणि मग पदराखाली हसायची. लंगडीत ती माझ्या वयाच्या पोरींना दमवायची. हे सगळं मी मुद्दाम लिहिते आहे, कारण गल्लीला ती आठवते ती पाटावर बसलेली. तिच्या आयुष्यातली सात वर्षं ती पाटावर बसत नव्हती, एका जागी तर मुळीच बसत नव्हती.

आठवं वर्ष लागलं आणि ती बदलली. आधी तिचं तेलुगू गेलं. शेजारची पोरं हाक मारायची, ती नुसती बघत राहायची. पोरांना वाटलं ही तोऱ्यात आली, त्यांनी खेळायला घेणं बंद केलं. मग शाळेत अक्षरं विसरायला लागली. पाढे म्हणताना मधेच थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. तिच्या वर्गाच्या बाईंनी तिला पट्टीनं मारलं, कारण आदल्या वर्षी पहिल्या बाकावर बसणारी मुलगी एकाएकी ढ होत नाही, ती नाटक करते, असं त्यांचं म्हणणं. हाताला वळ घेऊन घरी आली तर आत्यानं आणखी एक दिली. हातातून तांब्या पडायचा, वाटी पडायची, चालताना उंबऱ्यात अडखळायची. गल्लीतल्या डॉक्टरनं पोटात जंत आहेत म्हणून गोळ्या दिल्या आणि एक लाल टॉनिक दिलं. त्यानं तिला तपासलं नाही, खुर्चीतून उठलासुद्धा नाही. एवढी शिकलेली माणसं आजूबाजूला होती, पण पोरगी दिवसेंदिवस कमी होत चालली आहे हे एकालाही दिसलं नाही. प्रत्येकानं तिच्या अंगावर एकेक दोष चिकटवला आणि आपापल्या कामाला लागला.

नवरात्रात आरतीला उभी असताना तिच्या अंगाला पहिल्यांदा झटका बसला. मान खाली गेली, दोन्ही हात वर उडाले, आणि ती पडता पडता वाचली. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. मग पुन्हा. टाळ्या थांबल्या. मला वाटलं आता तरी कुणी तिला उचलून दवाखान्यात नेईल. आत्यानं आरतीचं ताट खाली ठेवलं, सरळ जाऊन रत्नीच्या पायावर डोकं टेकवलं आणि म्हणाली, "आई, वळखलं न्हाय गं तुला. चुकलं आमचं." झालं. जी पोर कालपर्यंत नाटकी, आळशी, जंतांनी भरलेली होती ती एका संध्याकाळी देवी झाली. मारणारे हात जोडले गेले. तिच्या वर्गाच्या बाईसुद्धा दुसऱ्या आठवड्यात नारळ घेऊन आल्या, आणि पट्टीबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत.

त्यानंतर मंगळवार सुरू झाले. मंगळवारी दुपारी दुकान बंद. पुढच्या खोलीत पाट मांडायचा, रत्नीला हिरवं लुगडं गुंडाळायचं, कपाळभर मळवट भरायचा आणि मागे लोडाला टेकवून बसवायचं. बायका ओळीनं बसायच्या. आधी शुक्रवार पेठेतल्या, मग बाहेरच्या, पुढे पुढे तर माढ्याहून, करमाळ्याहून गाडी करून यायच्या. एकेकीनं पुढे यायचं, ओटी भरायची आणि प्रश्न विचारायचा. झटक्यानं मान उजवीकडे गेली तर होय, डावीकडे गेली तर नाही. देवळात फुलाचा कौल लावतात तसा यांनी माझ्या बहिणीच्या मानेचा कौल लावला. सुनेला मुलगा होईल का, पोराची बदली थांबेल का, घरात करणी कुणी केली. असले प्रश्न त्या आठ वर्षांच्या पोरीला. ती अधूनमधून बोलायचीसुद्धा, कारण तेव्हा तिला बोलता येत होतं, अडखळत का होईना. एकदा म्हणाली, "मला खाली बसायचंय." समोर सुनेचं गाऱ्हाणं घेऊन एक बाई होती. आत्यानं तिला अर्थ सांगितला, "आई म्हनतीया, सून खाली येईल. नमतं घील." बाई समाधानानं गेली. रत्नी पाटावरच राहिली.

मी तेव्हा कॉलेजात जायला लागले होते. हुशार वगैरे नव्हते, पण मला डोळे होते. रत्नी दुपारी झोपली की झटके थांबायचे. जागी झाली की पुन्हा सुरू, सारख्या सारख्या अंतरानं, समोर बाई बसलेली असो की मांजर. मी आत्याला विचारलं, "आत्या, देवी झोपते का गं? रत्नी झोपली की ती कुठं जाते?" आत्यानं माझ्या कानफटात मारली. "कालिजात जाऊन जीभ लई फुटली हाय तुला," ती म्हणाली. अप्पा दारात उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते दुकानात गेले. रात्री जेवताना त्यांनी माझ्या ताटात आपल्या हातानं तूप वाढलं, आणि मी ते ताट तसंच सरकवून उठले. मला तूप नको होतं.

अव्वा हे सगळं बघत होती. तिनं काय ओळखलं आणि केव्हा, ते तिनं मला कधी सांगितलं नाही. एका सकाळी आत्याला म्हणाली, रत्नीला देवळात नेऊन आणते, देवीला देवीची भेट. आत्या खूश झाली, तिनंच रिक्षा बोलावून दिली. मीही बरोबर निघाले. कोपरा वळल्यावर अव्वानं रिक्षावाल्याला सांगितलं, "देवळात नको. शिविलला घ्या." पोटाशी पाय घेऊन बसलेल्या रत्नीचा मळवट तिनं आपल्या पदरानं पुसून काढला, थुंकी लावून, पुन्हा पुन्हा, रत्नी कुरकुरेपर्यंत.

सरकारी दवाखान्यात सबंध दिवस गेला. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, हा कागद तिकडे, तो माणूस जेवायला गेलाय. शेवटी आम्ही एका थोराड डॉक्टरांपुढे बसलो. त्यांनी रत्नीला खुर्चीवर बसवलं आणि नुसतं बघत राहिले. एक झटका झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. मग त्यांनी अव्वाला पहिलाच प्रश्न विचारला, "हिला लहानपणी गोवर आला होता का?"

"व्हय. दहा म्हयन्यांची हुती," अव्वा म्हणाली.

"लस?"

"न्हाय दिली."

"हे झटके किती महिने आहेत? इतके दिवस कुठं होता तुम्ही?"

"पाटावर बसवली हुती," अव्वा म्हणाली.

डॉक्टरांना कळलं नाही, मी सांगितलं. ते चिडतील असं मला वाटलं होतं, आणि ते चिडावेत असं मला फार वाटत होतं. ते चिडले नाहीत. त्यांनी रत्नीच्या डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढायला सांगितला, पाठीतलं पाणी तपासायला घेतलं, आणि आम्हाला ठेवून घेतलं. घरी निरोप पाठवला की मुक्काम देवळात आहे. तपासण्या आल्यावर त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. गोवर अंगावरून जातो, पण फार क्वचित, एखाद्याच मुलात, तो जात नाही. मेंदूत शिरून बसतो. वर्षानुवर्षं गप्प राहतो, मूल वाढतं, शाळेत जातं, आणि मग तो मेंदू आतून खायला लागतो. विसराळूपणा, पडणं, झटके, सगळं त्याचंच. अगदी तान्हेपणी गोवर झालेल्या मुलांना याचा धोका जास्त. यावर औषध नाही. पुढे ती बोलायची थांबेल, गिळायची थांबेल, अंथरुणाला खिळेल.

मी विचारलं, "लवकर आणलं असतं तर?"

"तरी हेच सांगितलं असतं," ते म्हणाले. "लस दिली असती तर तुम्हाला इथं यावंच लागलं नसतं." मग ते अव्वाकडे वळले. "अजून तिला कळतंय, बाई. तुम्हाला ओळखते. बोलत राहा तिच्याशी. गिळता येतंय तोवर तिच्या आवडीचं खायला घाला."

घरी आल्यावर मी पुढच्या खोलीत उभी राहून सगळं सांगितलं, आत्याला, अप्पांना, भाकरीवाल्या बायकांना, जे ऐकतील त्यांना. अप्पा फळीवर डोकं टेकवून रडायला लागले. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे डाक्टरकडं औषध न्हाय?" मी म्हटलं, नाही. "मग मी काय म्हनत हुते? मानसाचं दुखनं आसतं तर औषध आसतं की. डाक्टरनं सोता हात टेकले म्हंजे आईच हाय ती." आयुष्यात पुढे मी पुष्कळ मूर्ख माणसांशी वाद घातले, काही जिंकलेसुद्धा, पण त्या एका वाक्याला मला अजून उत्तर सापडलेलं नाही. डॉक्टरांनी देवी नाही म्हणून सांगितलं आणि आत्यानं त्याचंच प्रमाणपत्र करून देव्हाऱ्यात लावलं. मी अप्पांना म्हटलं, "तुम्ही सांगा तिला." त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "तिच्या मनासारखं हू दे गं. आता काय फरक पडनार हाय?"

फरक पडणार होता. रत्नीला अजून कळत होतं, हाच फरक होता. उरलेले दिवस थोडे होते आणि ते तिचे होते. ते तिनं खाण्यात, कुरकुरण्यात, अव्वाच्या मांडीवर लोळण्यात घालवायचे की हिरव्या लुगड्यात घामेजून लोकांच्या सुनांचे निकाल लावण्यात, एवढाच प्रश्न होता. आणि तो अप्पांना कळत होता, म्हणून मला आत्यापेक्षा त्यांचा राग जास्त आला.

पुढचा मंगळवार आला. पाट मांडला गेला. खोली बायकांनी भरली, देवी देवळात मुक्काम करून आली म्हणून गर्दी नेहमीपेक्षा जास्तच. अव्वा स्वयंपाकघरात होती. इथं एक सांगते. देवी घरात बसली की आमच्याकडे फोडणी देत नाहीत. गोवराच्या दिवसांत पाळतात तसं. तेलाचा, मिरचीचा धूर आईच्या नाकाडोळ्यांत जातो, तिला दाह होतो. त्यामुळे नवरात्रापासून आमच्या घरात फोडणीचा चर्र आवाज झालेला नव्हता. उकडलेली डाळ, दहीभात, दूधभात. रत्नीला तिखट जिभेचं वेड, ती तर रडायची, पण देवीला तिखट कसं चालेल. महिनोन्महिने त्या पोरीला आळणी खायला घातलं होतं.

एक बाई पुढे सरकून विचारत होती की मुलाला परगावची नोकरी धार्जिणी आहे का. तेवढ्यात अव्वा आतून रॉकेलचा स्टोव्ह घेऊन आली. तिनं तो खोलीच्या मधोमध, पाटापुढे ठेवला. ओटीचे नारळ पायानं बाजूला सारले. खाली बसून पंप मारायला लागली. कुणाला काही कळेना. आत्या म्हणाली, "आगं, हितं काय करतीस?" अव्वा पंप मारत राहिली. स्टोव्ह भरभरून पेटला. तिनं कढई चढवली, तेल ओतलं, तापेपर्यंत तशीच उकिडवी बसून राहिली. मग मोहरी टाकली, लसूण टाकला, आणि लाल मिरच्या मूठभर. एका दमात खोली धुरानं भरली. बायका ठसकायला लागल्या, पदर नाकाला लावून दाराकडे पळाल्या, एकमेकींच्या पायावर पाय देत. नोकरीवाली तर चप्पल टाकून गेली.

"आगं बया, काय केलंस हे," आत्या खोकत खोकत म्हणाली. "आईचा कोप हुईल."

"होऊ द्या," अव्वा म्हणाली. एवढ्या वर्षांत नणंदेला तिनं पहिल्यांदाच वर बघून उत्तर दिलं. "आजून व्हायचा ऱ्हायलाय व्हय? साकु. आता साकु." साकु म्हणजे कानडीत पुरे.

आत्या बाहेर गेली. मी खिडकी उघडली. अव्वानं त्या फोडणीवर आमटी ओतली, आणि तो चर्र आवाज झाल्याबरोबर रत्नीनं मान वळवली. झटक्यानं नव्हे, स्वतः वळवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक गळत होतं, आणि ती म्हणाली, "अव्वा, भूक लागली."

अव्वानं तिचं लुगडं सोडून फेकून दिलं, तिला परकरावरच मांडीवर घेतलं आणि भाकरी आमटीत कुस्करून भरवायला लागली. वर चटणी, कच्चं तेल घालून. रत्नी हावऱ्यासारखी खात होती. मधे झटका आला की घास उडायचा, अव्वा थांबायची आणि पुन्हा भरवायची. नवरात्रापासून त्या खोलीत शेकड्यांनी प्रश्न विचारले गेले होते. तुला जेवायचंय का, हा एक प्रश्न एकाही बाईनं विचारला नव्हता. मीसुद्धा त्या खोलीत होते, पण मला बायकांत धरू नका, मी वेगळं भांडत होते.

त्यानंतर मंगळवार झाले नाहीत. आत्यानं अव्वाशी बोलणं सोडलं, ते मरेपर्यंत. अव्वाला त्यानं काही फरक पडला नाही. रत्नी आणखी दीडएक वर्ष राहिली. बोलणं गेलं, मग चालणं, मग गिळणं. झटके शेवटी शेवटी आपोआप कमी झाले, तेव्हा आत्या म्हणाली की आई निघून गेली. तिला पोचवायला माणसं जमली तेव्हा काही बायका हिरवी लुगडी घेऊन आल्या. अप्पांनी त्या दिवशी मात्र त्यांना दारातून परत पाठवलं. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. आमच्या गल्लीनं बैल गेल्यावरसुद्धा झोपा केला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा कुणाच्या तरी घरी गोवर आला आणि पुन्हा पोरं त्या आजारी लेकराच्या पायाशी नेऊन बसवली. मी जाऊन ओरडले, तर म्हणाले, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय.

दुकान आता माझा मुलगा बघतो, मी संध्याकाळी गल्ल्यावर बसते. परवा समोरच्या खोलीत राहायला आलेली सून चटणी घ्यायला आली. माढ्याकडची आहे, चुणचुणीत, कडेवर वर्षाचं पोर. पुडी बांधेपर्यंत म्हणाली, "काकू, तुमच्या घरात मागं देवी हुती म्हनं. खरं हाय का?"

"न्हाय," मी म्हटलं. "गोवर होता."

ती हसली, तिला वाटलं मी गंमत करते आहे. मी विचारलं, पोराला गोवराची लस दिली का. तिनं पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. म्हणाली, "न्हाय अजून. सासूबाईंच्या मोबाईलवर कायतरी आलंय, लशीनं पोरं मंद होत्यात म्हनं. त्यांना इचारून सांगते."

मी मुलाला गल्ल्यावर बसायला सांगितलं आणि पायांत चपला घातल्या. "चल," मी तिला म्हटलं, "मी विचारते तुझ्या सासूला."